शिलाईखाना

दार उघडायला सात बायका लागल्या. आठवी मी, पण माझा उपयोग किल्ली आणण्यापुरताच होता.

"रेटा गं, नुसत्या हसू नका," चंद्राक्का पिसे म्हणाल्या आणि स्वतःच हसायला लागल्या.

दार सागवानी, दीड पुरुष उंच, वर लोखंडी पट्ट्या आणि मुठीएवढे खिळे. कुलूप निघालं होतं, कडीही सरकली होती, पण बिजागऱ्या गंजून गच्च बसल्या होत्या. चंद्राक्कांनी पिशवीतून शिवणाच्या मशीनचं तेल काढलं, बिजागऱ्यांना पाजलं, "एवढ्यातच भागव, पुढं अकरा मशिनी हायत," असं दाराला बजावलं आणि पदर खोचून पुन्हा खांदा लावला. हौसाबाई, शेवंता, अनसूया, जैतूनबी, सगळ्यांनी एकदम जोर केला. दार करकरलं आणि आम्ही आठही जणी एकीवर एक अशा आत जाऊन पडलो. सगळ्यांत खाली मी होते. माझ्या पाठीवर हौसाबाई होत्या, आणि हौसाबाई काही हलक्या नव्हत्या.

पडल्या पडल्याच चंद्राक्कांनी मान वर करून छताकडं पाहिलं.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "मधी एकसुद्धा खांब न्हाई."

ही एकोणीसशे एकोणऐंशीच्या मार्चमधली गोष्ट. फत्तेगाव हे एके काळी संस्थान होतं. संस्थान लहान, पण ऐट मोठी, त्यामुळं भर पेठेत, मंडईच्या पाठीला, राजेसाहेबांनी शस्त्रं ठेवायला ही दगडी इमारत बांधली होती. तीन हात रुंद भिंती, कमानदार छत, उंचावर झरोके. आत बंदुका, तलवारी, भाले आणि एक लहानशी तोफ असे. ती तोफ कुणा शत्रूवर झाडल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं, राजेसाहेबांच्या वाढदिवसाला मात्र नेमानं झाडत. संस्थान विलीन झालं, सरकारनं शस्त्रं ट्रकात भरून नेली. मग तिथं रेशनची मिलो ज्वारी आली, मिलोमागून मतपेट्या आल्या, मतपेट्यांमागून उंदीर आले आणि शेवटी कुलूप लागलं. हे सगळं मला पुढं कळलं. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की ही नगरपालिकेची मिळकत क्रमांक त्रेचाळीस आहे, कारण ती यादी मीच टाइप केली होती.

मी मिरजेहून आलेली हंगामी टायपिस्ट, कुमुद माजगावकर. वय वीस. पालिकेत लागून चार महिने झाले होते आणि आपल्यावाचून पालिका कशी चालत असेल असा प्रश्न मला अधूनमधून पडे.

चंद्राक्कांचा शिवणवर्ग तोवर शाळेच्या व्हरांड्यात चाले. शाळा सुटली की मशिनी मांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत उचलायच्या. जागेसाठी त्यांनी सहा वर्षांत पालिकेला सतरा अर्ज केले होते. आता मे महिन्यात त्या व्हरांड्याच्याही खोल्या होणार होत्या. जागा मिळाली नाही तर वर्ग बंद, आणि वर्गातल्या बहुतेकींच्या घरची चूल त्या मशिनीवरच पेटत होती. म्हणून मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचा आदेश हातात पडला तेव्हा चंद्राक्कांनी तो आधी देवापुढं ठेवला आणि मग शेजारच्या पोराकडून दोनदा वाचून घेतला.

आत भिंतीला लागून लाकडी घोड्या होत्या, बंदुका उभ्या करायला खाचा पाडलेल्या. अर्ध्या तासात त्या खाचांत मोजपट्ट्या उभ्या राहिल्या. तलवारीच्या खुंट्यांवर ब्लाउजपीस लटकले. कोपऱ्यात तोफेचे दोन गोळे सापडले, ते कापड कापताना कड दाबून धरायला इतके नामी निघाले की जैतूनबी म्हणाली, "ह्ये काय लढाईचं न्हाईच. ह्ये शिंप्याचंच हाय."

"नावच शिलाईखाना हाय, मंग?" चंद्राक्का म्हणाल्या. आदेशात तसंच लिहिलं होतं: मिळकत क्रमांक त्रेचाळीस, शिलाईखाना.

अकरा मशिनी एकदम सुरू झाल्या तेव्हा ती घरघर कमानीत घुमून परत अंगावर आली, आणि बाहेर मंडईत कुणाला ऐकूही गेली नाही. पाच वाजता ऑफिस सुटलं की मीही तिथं काज करायला शिकायला जाऊ लागले. माझे काज बघून हौसाबाईंना हसू आवरत नसे. "पोरी, ह्यातनं बटण न्हाई, नारळ जाईल," असं म्हणून त्या उसवून परत माझ्याच हातात देत. इतकं हसण्याचे दिवस माझ्या आयुष्यात फार आलेले नाहीत.

नवव्या दिवशी अप्पा किरपेकर दारात उभे राहिले.

अप्पा म्हणजे इतिहासाचे निवृत्त मास्तर. उन्हाळा असो की थंडी, अंगात काळा कोट आणि वरच्या खिशात लाल पेन्सिल. लग्नपत्रिका आली की ते लग्नाला जायच्या आधी पत्रिका दुरुस्त करून परत पाठवत. गावानं एकदा त्यांचा सत्कार केला, तर त्यांनी व्यासपीठावरच मानपत्रातल्या चार चुका काढल्या आणि ते नव्यानं लिहून आणायला सांगितलं. गावात मोडी वाचता येणारा तेवढा एकच माणूस उरला होता. "कागदात नाही ते मी बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते खरंही होतं. चेष्टेतसुद्धा खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"शिलाईखाना म्हणजे काय?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. दारावर चंद्राक्कांनी हौसेनं पाटी रंगवून घेतली होती.

"शिलाई चालती त्यो खाना," चंद्राक्का मशीन न थांबवता म्हणाल्या. "या की आत. तुमच्या कोटाचं अस्तर उसवलंय, दोन टाके घालू द्या."

"असू दे. हे नाव दिलं कुणी?"

"पैल्यापासनंच हाय. पालिकेच्या कागदात हाय."

आदेश चौकट करून भिंतीवर लावला होता. अप्पांनी चष्मा नीट केला, वाचलं, लाल पेन्सिल काढली आणि मध्ये काच आली म्हणून क्षणभर त्यांची फारच पंचाईत झाली.

"शिलेखाना," ते म्हणाले. "ले. ला नाही आणि ई तर नाहीच. शिलेखाना म्हणजे शस्त्रागार. शिलेदार हा शब्द ऐकलाय ना? ते काय सुईदोरा घेऊन लढाईला जात होते?"

हौसाबाई फिस्सकन हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं मिळकतींचं जुनं हस्तलिखित रजिस्टर उभं राहिलं. त्यात 'शिलेखाना' असंच होतं. असला शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. जुन्या कारकुनाकडून घाईत अक्षर राहिलं असणार अशी मला त्याची कीव आली होती, आणि उदार मनानं मी ते भरून काढलं होतं. टाइप करणारी मी, मूळ कागदाशी ताडून रुजवात घेणारीही मीच. रुजवात घेताना मला माझंच बरोबर वाटलं होतं.

आणि त्या एका अक्षरावर सगळं चाललं होतं. पडीक मिळकतींबद्दल वरून एक पत्रक आलेलं होतं: ज्या इमारतीचा मूळ वापर पुन्हा सुरू करता येईल ती त्या वापरासाठी द्यावी, बाकीच्या पाडाव्या. आमचे मुख्याधिकारी वानखडेसाहेब नुकतेच अकोल्याकडून बदलून आलेले. एका हाताशी शिलाईखान्याची नोंद, दुसऱ्या हाताशी शिवणवर्गाचा सतरावा अर्ज. त्यांनी त्याच दिवशी आदेश काढला. नगराध्यक्ष भाऊसाहेब नलवडे तेव्हा सहकाराच्या अभ्यासासाठी महाबळेश्वरला गेले होते.

"मी नगराध्यक्षांना पत्र लिहितो," अप्पा म्हणाले. "नाव दुरुस्त झालं पाहिजे."

"लिवा की," चंद्राक्का म्हणाल्या. त्यांना वाटलं, पाटी परत रंगवावी लागेल, एवढंच.

भाऊसाहेब अभ्यास संपवून परतले आणि अप्पांचं पत्र वाचून इतके खूश झाले की त्यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी वानखडेसाहेबांनी मला आत बोलावलं.

"मिस माजगावकर, हे काहून केलं तुम्ही?"

"मला वाटलं, साहेब..."

"वाटलं तर मलाही. म्हणून तर सही झाली." ते रागावले नव्हते, त्यामुळं मला जास्तच लाज वाटली. "आता ऐका. गुरुवारी सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक सात, नावाची दुरुस्ती. शिलेखाना म्हटलं की मूळ वापर शस्त्रं ठेवणं. आता शस्त्रं काय मी ठेवू? म्हणजे इमारत गेली पाडायच्या यादीत. अध्यक्षांनी नकाशाही आणलाय. सव्वीस गाळे, वडिलांच्या नावानं."

"आणि शिवणवर्ग?"

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडं ठेवला. "अठरावा अर्ज करा म्हणावं," ते म्हणाले.

मी संध्याकाळी जाऊन चंद्राक्कांना सगळं सांगून टाकलं. सांगताना रडले. बायकांनी मशिनी थांबवल्या होत्या. चंद्राक्का माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या पोटातून हसू वर यायला लागलं ते काही केल्या थांबेना.

"म्हंजे सतरा अर्ज साफ वाया," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आन् तू ले चं लाई केलंस म्हणून जागा? पोरी, लई केलंस."

मग एकेकीला हसू फुटलं. अनसूया तर मशीनवर डोकं टेकून हसली. मी नाक ओढत उभी, आणि भोवती सगळ्या हसतायत. हसणं ओसरलं तेव्हा मात्र कुणी मशीन चालू केली नाही.

"चल," चंद्राक्का उठल्या. "अप्पांकडं जाऊ."

अप्पांना इमारत पाडण्याचं माहीतच नव्हतं. आम्ही सांगितलं तसे ते खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले.

"पाडणार? शिलेखाना? मी नाव दुरुस्त करा म्हणालो. पाडा असं कुठं लिहिलंय मी?"

"तुमचंच पत्र पुढं करून पाडणार हायत," चंद्राक्का म्हणाल्या. "तुमी गुरवारी सभेत सांगा की, हितं शिवणकाम बी चालायचं म्हणून. मूळ वापर झाला."

"कागदात नाही ते मी बोलत नाही, चंद्राबाई."

"बरं. एक इचारू? तोफंत दारू कशी घालायचे?"

"थैल्यांत भरून. मापाच्या कापडी थैल्या असत."

"आन् चिलखत काय उघड्या अंगावर घालायचे?"

"नाही. आतून कापसाचं अस्तर असे."

"मंग त्या थैल्या आन् ती अस्तरं झाडाला लागत होती व्हय?"

अप्पा सावकाश म्हणाले, "कुणीतरी शिवलीच असतील. पण कुणी, हे कागदात असेल तर मी सांगेन. नसेल तर नाही."

"मंग बगा कागद," चंद्राक्का म्हणाल्या. त्यांनी जाता जाता खुंटीवरचा अप्पांचा कोट काढून काखेत मारला. अप्पांना ते कळलंही नाही.

पालिकेच्या दफ्तरखान्यात संस्थानचे जुने मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले होते. वानखडेसाहेबांनी अप्पांना परवानगी दिली आणि मला मदतीला दिलं. दोन दिवस मी रुमाल सोडत होते आणि शिंकत होते. अप्पा वाचत होते. बंदुका मोजलेल्या होत्या, गंधक, शिसं, दोर, मशाली, सगळं होतं. एक हत्ती मंडईत शिरून कोबी खाऊन गेल्याची तक्रारसुद्धा होती. ती वाचताना अप्पांना इतकं हसू आलं की चष्मा काढून ठेवावा लागला. दोन दिवसांत तेवढे एकदाच हसले. शिंपी कुठं म्हणून नव्हता.

"असणारच," ते स्वतःशी पुटपुटत. "माणसं होती. रोज येत असतील, जात असतील. लिहून ठेवायला काय झालं होतं यांना?"

गुरुवारी दुपारी एक वाजता त्यांनी शेवटचा रुमाल बांधला.

"एकही शिंपी नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "बंदुकीत दारू ठासायच्या गजांची सुद्धा नोंद आहे, कुमुद. शिवणाऱ्यांची नाही."

"मग सभेत काय सांगाल?"

"काय सांगणार? आहे ते."

चार वाजता सभा सुरू झाली. प्रेक्षकांच्या बाकांवर शिवणवर्ग झाडून आला होता. नुसतं बसायचं त्यांच्या जिवावर आलेलं, म्हणून प्रत्येकीच्या मांडीवर काजाचं काम. अप्पांचा कोट चंद्राक्कांनी दारातच त्यांच्या अंगात घातला, नवं अस्तर लावून. अप्पांनी बाहीतून हात घातला, आत कुठंतरी चाचपलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. मी रुमाल मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी. इतिवृत्त मलाच घ्यायचं होतं.

विषय क्रमांक सात आला. भाऊसाहेबांनी अप्पांच्या विद्वत्तेचं दहा मिनिटं कौतुक केलं. मग म्हणाले, "तर अप्पासाहेब, सभागृहाला एवढंच सांगावं. शिलेखान्याचा आणि शिवणकामाचा काही संबंध?"

"कागदात असेल ते सांगेन," अप्पा म्हणाले.

"तेवढंच पाहिजे."

अप्पांनी माझ्यापुढं हात केला. मी रुमालातला सर्वांत वरचा कागद दिला. त्यांनी तो उघडला, चष्मा लावला, घसा साफ केला, आणि मग कितीतरी वेळ नुसता कागद हातात धरून उभे राहिले.

"मजकूर असा," ते म्हणाले. "शिलेखाना खासा. तैनात असामी. पैकी शिंपीण असामी सात."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. सापडलं? एक वाजल्यानंतर? मला इतका आनंद झाला की उभं राहून ओरडावंसं वाटलं.

"शिंपीण?" भाऊसाहेब म्हणाले. "बायका? शस्त्रागारात?"

"पुरुष मोहिमेवर जात, भाऊसाहेब. पुढं वाचू?" अप्पांनी विचारलं. "काम येणेप्रमाणे. दारूच्या थैल्या, चिलखतांची अस्तरे, निशाणे व तंबू शिवणे."

"नावं आहेत का त्यांची?"

अप्पांनी कागदावरून नजर उचलली. चष्म्याच्या वरून त्यांनी प्रेक्षकांच्या बाकांकडं पाहिलं, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"आहेत," ते म्हणाले. "हौसाई कोम मल्हारजी. कोम म्हणजे बायको. शेवंताई कोम सटवाजी. अनसाई कोम हैबतराव." प्रत्येक नावाला ते थांबत होते. "जैतूनबी कोम दावलजी."

बाकावर हौसाबाईंना सुई टोचली आणि त्यांनी बोट तोंडात घातलं. शेवंता अनसूयेला कोपरानं ढोसत होती.

"आणि सर्वांवर मुकादमीण," अप्पा म्हणाले, "चंद्राई."

चंद्राक्कांच्या हातातला काज अर्धाच राहिला. त्या अप्पांकडं बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

तेवढ्यात कागद जरा कलला, मागून खिडकीचा उजेड आला आणि मला तो नीट दिसला. मला मोडी येत नव्हती. पण दोन दिवस कागद रुमालात घालताना वर काय, खाली काय कळावं म्हणून अप्पांनी मला एक खूण दाखवली होती: माथ्यावर मधोमध श्री असतो. त्या कागदाचा श्री खाली होता, त्यांच्या अंगठ्याजवळ, डोक्यावर उभा. अप्पा कागद उलटा धरून वाचत होते. आता हे सांगायला हरकत नाही. मी त्याच पालिकेतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले, वानखडेसाहेब केव्हाच बदलून गेले आणि अप्पांना जाऊनही पंचवीस वर्षं झाली. त्या वेळी मात्र मला एकदम हसू आलं, इतकं की मी खोकल्याचं सोंग करून टेबलाखाली वाकले, आणि वाकल्यावर कळलं की डोळ्यांत पाणीही आहे.

"हा कागद दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यावा," वर भाऊसाहेब म्हणत होते.

"अवश्य," वानखडेसाहेब म्हणाले. "मोडी वाचणारे कोण आहेत सभागृहात?"

कुणीच नव्हतं. वानखडेसाहेबांनी अप्पांच्या हातातल्या कागदाकडं एकदा पाहिलं, मग फार गंभीरपणे खिडकीबाहेर बघायला लागले. अकोल्याकडं मोडी शिकवत होते की नाही, मला माहीत नाही.

"म्हणजे शिवणकाम हाही मूळ वापर होता," ते म्हणाले. "पत्रकाप्रमाणे इमारत पाडता येणार नाही."

"एक मिनिट," अप्पा म्हणाले. "नावाबद्दलची माझी हरकत कायम आहे. नाव शिलेखाना असंच दुरुस्त झालं पाहिजे."

मागं हौसाबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. काजांचे कपडे खाली पडले. नगरपालिकेची निवडणूक सहा महिन्यांवर होती आणि भाऊसाहेबांना बाक भरलेले दिसत होते. त्यांनी नकाशाची गुंडाळी हळूच खुर्चीखाली सरकवली आणि उठून उभे राहिले. "या गावच्या मायभगिनींनी इतिहास शिवलेला आहे," असं म्हणून त्यांनी ठराव स्वतःच मांडला. नाव शिलेखाना, वापर शिवणवर्ग. एकमतानं मंजूर.

बाहेर बायकांनी चंद्राक्कांना मध्ये घेऊन असा काही गोंधळ मांडला की मंडईतले लोक बघायला आले. जैतूनबी प्रत्येकाला सांगत होती की तिच्या नवऱ्याचं नाव दावलजी नाही, इस्माईल आहे, पण आता दावलजीही चालेल.

मी इतिवृत्ताचा कच्चा कागद घेऊन अप्पांना शोधत गेले. ते मागच्या व्हरांड्यात एकटेच बाकावर बसले होते, हात गुडघ्यांवर, हरून आल्यासारखे. मी कागद पुढं केला. सवयीनं त्यांचा हात लाल पेन्सिलीकडं गेला, वाचता वाचता थांबला.

"'मोडी कागद वाचून दाखविला' असं लिहू नकोस," ते म्हणाले. "'सांगितले' असं लिही."

"बरं."

"आणि हौसाईतला ई दीर्घ."

"बरं, अप्पा." मी तिथंच उभी राहिले. विचारू नये असं वाटत होतं आणि राहवतही नव्हतं. "अप्पा, कागद उलटा होता."

"ठाऊक आहे."

"सगळ्यांसमोर? कुणाच्या लक्षात आलं असतं तर? सुलटा तरी धरायचा. कुणाला काय कळणार होतं?"

अप्पांनी चष्मा काढला, कोटाच्या नव्या अस्तराला पुसला आणि पुन्हा घातला.

"सुलटा धरला असता तर डोळ्यांनी वाचलंच असतं, कुमुद," ते म्हणाले. "आणि एकदा वाचलं की माझ्या तोंडून दुसरं काही निघत नाही."